गाणं संपल्यावरचं नाव

पालघरला मी ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो ते निवृत्त पोस्टमास्तर होते आणि त्यांना गाण्याची अजिबात आवड नव्हती. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण त्यांच्या माजघरात जुन्या रेकॉर्डींनी गच्च भरलेली कपाटं होती आणि गावात त्यांची ख्याती थोर रसिक अशी होती. मी शाळेत रुजू झालो तेव्हा मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, की तिथे राहणार म्हणजे तुमच्या कानांची चंगळ आहे. पहिल्या महिन्यात माझ्या कानांवर एकही पुरं गाणं पडलं नाही.

संध्याकाळी दिवे लागले की पोस्टमास्तर ग्रामोफोनला चावी देत. एक रेकॉर्ड काढून धोतराच्या सोग्याने पुसत. तबकडी फिरायला लागली की खाली वाकून पिन अगदी आतल्या बाजूला, मधल्या कागदी लेबलापासून बोटभर अंतरावर टेकवत. गाण्याची शेवटची ओळ कशीबशी ऐकू येई, तबल्याचे एकदोन ठोके पडत, आणि मग धाप लागलेल्या आवाजात कुणी बाई इंग्रजीत आपलं नाव सांगे. पोस्टमास्तर मान हलवून म्हणत, "ऐकलं, बाई. बसा." पिन उचलत आणि पुढची रेकॉर्ड घेत.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ग्रामोफोन या देशात नवा नवा आला तेव्हा आवाज इथे घेत आणि तबकड्या परदेशात छापून येत. तिकडच्या कारागिराला कुठली बाई कुठली हे कळावं म्हणून गाणं संपल्यावर गाणारणीने त्याच तबकडीवर आपलं नाव सांगायचं, अशी पद्धत होती. पुढे छपाई सुधारली आणि पद्धत बंद पडली. गाण्याच्या शौकिनांना हे शेवटचं शेपूट म्हणजे गंमत वाटे, काहींना अडचण. आमच्या पोस्टमास्तरांच्या लेखी रेकॉर्ड म्हणजे ते शेपूटच होतं. बाकीचा भाग नावापर्यंत पोहोचण्याची वाट. ज्या रेकॉर्डीवर नाव नाही तिला ते 'मुकी' म्हणत आणि कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून देऊन टाकत.

"गाणं काय, उसनं असतं," ते मला म्हणाले होते. "रचलेलं एकाने, शिकवलेलं दुसऱ्याने. बाई स्वतःचं असं काय बोलते, तर ते एवढंच."

गावातले संगीतशिक्षक एकदा मोठ्या अपेक्षेने आले, पाट मागून घेऊन बसले, आणि अर्ध्या तासात ओळीने वीसेक बायकांची नावं ऐकून निघून गेले. जाताना त्यांनी गाणं कधी सुरू होणार असं विचारलं, तर पोस्टमास्तर म्हणाले, "तुमचं झालं की कळवा."

दारात येणाऱ्याने आपलं नाव सांगितल्याशिवाय कडी निघत नसे. सातपाटीहून मासळी घेऊन येणारी एक बाई होती. ती रोज यायची आणि रोज हाच तंटा व्हायचा.

"मास्तर, मी हाय."

"मी म्हणजे कोण?"

"रोजचीच हाय ना. वास नाय येत?"

"वासाला नाव नसतं."

"ताराबाय हाय, ताराबाय. उघडा आता, बर्फ पानी झाला."

मग कडी निघायची. ताराबाई टोपली उतरवून माझ्याकडे बघत म्हणायची, "याला तुमी कसं सोसता, मास्टर?" मी शाळामास्तर, ते पोस्टमास्तर, ती मला 'मास्टर' म्हणून वेगळं काढायची.

इथवर वाचून कुणाला ते गमतीदार म्हातारे वाटले असतील तर तो गैरसमज दूर करतो. ते गमतीदार नव्हते. नोकरीत असताना 'अमक्याच्या मातोश्रीस', 'तमक्याच्या कुटुंबास' असा पत्ता घातलेली पत्रं ते 'नाव अपुरं' असा शेरा मारून परत पाठवीत. गावात अमक्याची मातोश्री एकच होती आणि ती त्यांच्या खिडकीसमोर उभी होती, तरी. मुंबईला गिरणीत असलेल्या मुलाचं आजारपणाचं पत्र असं परत गेलं आणि आईला कळेपर्यंत फार उशीर झाला, ही गोष्ट मला पालघरात निदान तिघांनी सांगितली. त्यापायी त्यांच्या बदल्या झाल्या, बढती अडली. त्यांना पश्चात्ताप झाल्याचं कुणी पाहिलं नाही. मी एकदा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, की त्या मुलाला आईचं नाव लिहायला शाई कमी पडली असेल तर तो माझा दोष नव्हे.

या सगळ्याच्या मुळाशी काय होतं ते मला त्यांनी स्वतःच सांगितलं. सांगण्याची पद्धत त्यांची नेहमीची, म्हणजे तक्रार नोंदवावी तशी.

दुपारची वेळ होती. ते शिरगावहून परतले होते. तिथल्या किल्ल्याच्या बाजूला निवडुंग माजलाय, त्याचे काटे ते आणत, सावलीत वाळवत आणि वस्तऱ्याने टोक करून पोलादी पिनेच्या जागी बसवत. पोलादाची पिन तबकडीला खाते आणि काटा स्वतः झिजतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. काटे सुपात पसरून झाल्यावर त्यांनी कपाटाच्या तळातून एक गुंडाळी काढली. जुन्या लुगड्याचे पदर एकावर एक. आत एक रेकॉर्ड. लेबलवर इंग्रजीत आणि वेड्यावाकड्या बाळबोधीत छापलं होतं: मिस बिजली, मुंबई.

"ही माझी आई," ते म्हणाले.

वडील शिरगावकडचे वाडीवाले. नारळ, केळी, पानवेली, घरात देवधर्म. त्यांनी बाळगलेली ही बाई गाणारी होती. मूल झालं ते वडिलांच्या घरात वाढलं, वडिलांचं नाव लावून, आणि आईच्या जागी वडिलांच्या लग्नाच्या बायकोला आई म्हणून. गाणारी बाई मुलगा रांगत होता तेव्हाच गेली. घरात तिचा उल्लेख 'ती' असा. शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, कुठेच तिचं नाव यायचं कारण नव्हतं. मुंबईला नेऊन तिची एक रेकॉर्ड काढली होती, तीही कंपनीच्या एजंटाने ठेवलेल्या भपकेबाज नावाने. पण गाणं संपल्यावर, पद्धतीप्रमाणे, तिला नाव सांगायला सांगितलं. इंग्रजी तिला येत नव्हतं, आणि बिजली म्हणायची तिला लाज वाटली असावी.

"माजं नाव यमुना, मुक्काम शिरगाव. असं म्हणते," पोस्टमास्तर म्हणाले. "एवढाच पुरावा आहे."

मी म्हटलं, ऐकवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा हात कापून मागितला होता. मग शाळेत पोराला समजावतात तसं समजावलं, की तबकडी आतल्या वळणांवर सगळ्यात आधी झिजते. तरुणपणी त्यांनी ती पोलादी पिनेवर वेड्यासारखी ऐकली होती, शेवटचं बोटभर पुन्हा पुन्हा. शहाणपण आलं तेव्हा 'शिरगाव' घोगरं झालं होतं. आता फारतर दोनचार वेळा वाजेल. म्हणून ती वाजवायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आईचं नाव शाबूत राहावं म्हणून ते ऐकायचं नाही.

अशा माणसाच्या गावात ध्वनिमुद्रिका संग्राहकांची परिषद भरली.

ती पालघरात का भरली याला ध्वनीशी संबंध असलेलं कारण नव्हतं. इथल्या एका भातगिरणीच्या मालकांना स्वागताध्यक्ष व्हायचं होतं. याआधी ते कुस्त्यांचे, गुरांच्या प्रदर्शनाचे आणि एका कीर्तन महोत्सवाचे स्वागताध्यक्ष होऊन चुकले होते. त्यांनी जेवणाचा आणि उतरण्याचा भार उचलला, आमच्या शाळेने सभागृह दिलं, आणि मुंबई, पुणे, बडोदा, कुठून कुठून माणसं आली. मी स्वागत समितीत होतो, म्हणजे सतरंज्या मोजत होतो.

संग्राहक हा प्राणी मी तेव्हा प्रथम कळपाने पाहिला. प्रत्येकाजवळ एक पेटी आणि प्रत्येकाचा बाकी सगळ्यांवर चोरीचा संशय. पंगतीत पेट्या मांडीवर घेऊन जेवत होते. वाढप्याने आमटी वाढताना एकाच्या पेटीवर थेंब सांडला तर त्या गृहस्थांनी पानावरून उठून अर्ध्या पंगतीला सुतक आणलं. एकमेकांना भेटल्यावर ते प्रकृती विचारत नसत. "तुमच्याकडच्या प्रतीला अजून तेवढीच चीर आहे ना?" असं विचारत आणि उत्तर 'वाढली' असं आलं की चेहऱ्यावरचा आनंद लपवायला खोकत.

अध्यक्ष मुंबईचे, मोठे विद्वान. रेशमी शाल, चंदनाची छडी, बोलताना डोळे मिटायची सवय. त्यांनी 'मौन हाच आद्य नाद' या विषयावर कर्ण्यातून पाऊण तास भाषण केलं. कर्णा मधून मधून किंचाळत होता, त्यामुळे मौनाचं महत्त्व सगळ्यांना चांगलं पटलं. भाषणाचं सार असं, की जुन्या तबकड्यांतला शुद्ध नाद तेवढा आपण वेचून घ्यावा. खरखर, खाकरणं, बोलणं हे काळाचं किटण आहे. ते खरवडून सुवर्ण तेवढं पुढल्या पिढीला द्यावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. स्वागत समितीच्या माणसाला पर्याय नसतो.

पोस्टमास्तर या गर्दीत आले ते एका गोष्टीसाठी. परिषदेने जाहीर केलं होतं, की सभासदांच्या दुर्मीळ रेकॉर्डी टेपच्या फितीवर उतरवून कायमच्या संग्रहात ठेवल्या जातील. फीत झिजत नाही, हवी तितक्यांदा ऐका, असं पत्रकात म्हटलं होतं. पोस्टमास्तरांनी ते वाक्य मला तीनदा वाचून दाखवायला लावलं. मग दोन दिवस जेवले नाहीत. उरलेल्या दोनचार वेळांपैकी एक वेळ खर्चायची, आणि तीही परक्यांच्या हाती, की नाही, याचा विचार करत होते. तिसऱ्या दिवशी दाढी करून, कोट घालून, गुंडाळी छातीशी धरून माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. "चला," म्हणाले.

फितीचं यंत्र होतं एका तरुण इंजिनिअरचं. तारापूरच्या वीज प्रकल्पाचं बांधकाम तेव्हा जोरात होतं आणि त्यामुळे बोईसरला महाराष्ट्रभरची माणसं येऊन राहिली होती. हा वऱ्हाडातला, नुकतं लग्न झालेला. यंत्र त्याने एका परतणाऱ्या परदेशी माणसाकडून घेतलं होतं आणि त्याच्यावर त्याचा जीव होता. सभ्य, हसतमुख, मदतीला तत्पर. मी त्याच्याविषयी एक शब्दही वाईट लिहू शकत नाही, हीच अडचण आहे.

पोस्टमास्तरांना स्वतःचा ग्रामोफोन आणि स्वतःचा काटा वापरायचा होता. ते जमणार नाही असं कळलं. आवाज तारेतून फितीवर घ्यायचा तर शाळेने आणलेलं रेकॉर्ड वाजवायचं विजेचं यंत्र हवं, आणि त्याला पोलादी पिन. पोस्टमास्तर यंत्राच्या जड दांडीकडे बघत राहिले. इंजिनिअर म्हणाला, "काका, एकदाच वाजवायची आहे. मी सांभाळून करतो." पोस्टमास्तरांनी पिन नवी आहे ना ते अंगठ्याच्या नखावर घासून पाहिलं आणि रेकॉर्ड दिली.

गाणं बरं होतं. मला त्यातलं कळतं असं नाही, पण आवाज पातळ आणि निर्भय होता, आणि समेवर येताना बाई थोडी हसल्यासारखी वाटायची. पोस्टमास्तर गाणं ऐकतच नव्हते. ते पिनेकडे बघत होते. गाणं संपलं आणि सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत बाई काय बोलली ते आम्हां कुणालाच ऐकू आलं नाही. पण फितीला टाळ्यांचा उपद्रव नव्हता. इंजिनिअरने कानांवर फोन लावले होते. त्याने पोस्टमास्तरांकडे बघून मान डोलावली, आणि मी त्या म्हाताऱ्याला पहिल्यांदा आणि शेवटचं हसताना पाहिलं.

पुढचं फार चटकन झालं. त्या काळच्या तबकड्यांना शेवटी पिन बाहेर काढणारी वाट नसे. पिन शेवटच्या वळणात तशीच फिरत राहते, टक्, टक्. अध्यक्ष समारोपाचे दोन शब्द बोलायला उठले होते आणि त्यांना त्या आवाजाचा त्रास झाला. त्यांनी डोळे मिटूनच यंत्राची दांडी बोटाने बाजूला सारली. पिन लेबलाच्या कडेपासून बाहेरपर्यंत खरवडत गेली. कर्ण्यातून असा आवाज आला, की मागच्या रांगेतला एक झोपलेला संग्राहक पेटी कवटाळून उभा राहिला.

पोस्टमास्तरांनी रेकॉर्ड उचलली, उजेडात धरली, लुगड्यात गुंडाळली. अध्यक्ष म्हणाले, "चिंता नको, हा ठेवा आता फितीत सुरक्षित आहे." घरी गेल्यावर पोस्टमास्तरांनी काटा लावून ती वाजवून पाहिली. आता जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. जिथे नाव होतं तिथे नुसते चाबकासारखे फटके ऐकू येत होते.

आठवड्याने आम्ही दोघं बोईसरला गेलो. इंजिनिअरने चहा दिला, बायकोला बाहेर बोलावून आमची ओळख करून दिली, आणि उत्साहाने फीत लावली. गाणं अप्रतिम उतरलं होतं. शेवटची ओळ, तबल्याचे ठोके, आणि शांतता.

"पुढे?" पोस्टमास्तर म्हणाले.

"गाणं पूर्ण आलंय, काका. पुढचं ते बोलणं मी कापलं. अध्यक्षांनी सगळ्याच फिती साफ करायला सांगितल्या होत्या ना. बघा, जोड कुठे आहे तेही कळत नाही."

खरोखरच कळत नव्हतं. काम सफाईदार होतं.

पोस्टमास्तरांनी कापलेला तुकडा मागितला. त्यात तिचं नाव होतं, एवढंच सांगितलं. इंजिनिअरचा चेहरा उतरला. तो टेबलाखालची टोपली धुंडाळायला लागला. टोपली रिकामी होती. बायको आतून म्हणाली, की ती चकचकीत फीत कामाच्या बाईने मागून नेली, पाम गावच्या तिच्या वाडीत पाखरं फार होतात म्हणून.

पाम तिथून चालण्याच्या अंतरावर. कामाची बाई मिरच्यांत पाणी सोडत होती. वाफ्याच्या कडेने काटक्या रोवल्या होत्या आणि काटकी ते काटकी तपकिरी फीत ताणून बांधली होती. समुद्रावरून वारा आला की ती भुणभुणायची.

"पाखरां येत नाय आता," ती समाधानाने म्हणाली. "वाजते ना ती."

पोस्टमास्तर वाफ्यात उतरले आणि गाठी सोडायला लागले. ती बाई ओरडली, "ओ बाबा, मंग मी काय बांधू?" त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दाताने फाडून त्याच्या चिंध्या केल्या आणि तिच्या हातात ठेवल्या. ती चिंध्यांकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग माझ्या जवळ येऊन हळूच विचारलं, "याचा कोन मेला हाय का?" मी हो म्हटलं. त्यावर ती स्वतःच उरलेल्या गाठी सोडायला लागली. मधल्या काही काटक्यांवर फीत नव्हती. वाऱ्याने नेली असेल, नाहीतर शेळीने खाल्ली, असं ती म्हणाली.

इंजिनिअरने त्या संध्याकाळी सगळे तुकडे पुसून, चिकटवून, यंत्रावर लावले. सगळ्या संग्राहकांच्या फितींमधून कापलेला माल तिथे एकत्र आला होता. खाकरणं, एक शिंक, साहेबी उच्चारात कुणी 'रेडी' म्हणतो तो आवाज. आणि बायका. एकीमागून एक, धापा टाकत, नाव सांगणाऱ्या. पामच्या मिरच्या इतके दिवस त्या राखत होत्या. पोस्टमास्तर प्रत्येकीला सवयीने "ऐकलं, बाई" म्हणत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

मग एक पातळ, निर्भय आवाज म्हणाला, "माजं नाव". आणि लगेच कुणीतरी शिंकलं.

इंजिनिअरने मागे घेऊन पुन्हा लावलं. "माजं नाव." शिंक. पुढचा तुकडा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी आणि तो पुन्हा पामला जाऊन वाफ्यांत, कुंपणात, शेळीच्या गोठ्यापर्यंत शोधून आलो. पोस्टमास्तर आले नाहीत.

मी अध्यक्षांना सगळं कळवलं. त्यांचं उत्तर दिलगिरीचं आणि व्यवहारी होतं. अर्धवट वाक्य संग्रहात ठेवणं शास्त्राला धरून होणार नाही. एकतर ते दोन शब्दही काढावेत, किंवा वाक्य पुरं असावं. या 'किंवा'मधून पुढची कल्पना निघाली. कल्पना इंजिनिअरची, आणि ती त्याला मनापासून सुचली. आपल्यामुळे म्हाताऱ्याचं नुकसान झालं, हे त्याला रात्रंदिवस लागलं होतं. ती कल्पना अध्यक्षांनाही पसंत पडली, यातच काय ते समजावं.

एका रविवारी दुपारी तो प्रकल्पाची जीप घेऊन पालघरला आला. मागे यंत्र, पुढे नवी साडी नेसलेली बायको, हातात चिवड्याचा डबा. दारात पोस्टमास्तरांनी त्यांना नाव विचारलं नाही. कडी उघडीच होती. बरेच दिवस ती तशीच असायची आणि ताराबाई सरळ आत येऊन टोपली उतरवायची. तंटा नसल्यामुळे तिला चुकल्यासारखं व्हायचं.

यंत्र माजघरात मांडलं. इंजिनिअर म्हणाला, "काका, डोळे मिटून ऐका."

गाणं झालं. ठोके पडले. "माजं नाव," आई म्हणाली. आणि दुसऱ्याच एका गोड, स्वच्छ, शाळेत पाठांतराला बक्षीस मिळवलेल्या आवाजाने वाक्य पुरं केलं: "यमुना, मुक्काम शिरगाव."

इंजिनिअर आमच्याकडे बघत होता. त्याची बायको जमिनीकडे. तिने धापही टाकून पाहिली होती, बिचारीने. मला वाटलं, आता म्हातारा यंत्र उचलून अंगणात फेकतो, आणि खरं सांगायचं तर मला ते चाललं असतं.

"चांगलं म्हटलंत, बाई," पोस्टमास्तर म्हणाले. "स्पष्ट."

ती संकोचून हसली. तिने घरी खूपदा म्हणून बघितलं, नीट येईपर्यंत, असं नवऱ्याने सांगितलं. पोस्टमास्तरांनी चिवड्याची बशी बाजूला सारली आणि विचारलं, की या यंत्रावर आता, इथे, नवीन काही घेता येईल का. इंजिनिअर आनंदला. त्याने कोरी फीत चढवली, माईक पुढे ठेवला, बटण दाबलं. चाकं फिरायला लागली.

पोस्टमास्तरांनी माईक उचलून तिच्यासमोर धरला.

"आता तुमचं नाव सांगा," ते म्हणाले.

"हिचं नाव ना," इंजिनिअर म्हणाला.

"तुम्हांला नाही विचारलं."

तिने पदर सारखा केला. माईककडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे. तिला मदत करायची होती, काय हवंय ते बरोबर द्यायचं होतं, आणि म्हणून तिने अगदी साधेपणाने विचारलं, "कुठलं सांगू? माहेरचं, की लग्नात ठेवलेलं?"

आयुष्यभर पोस्टमास्तरांनी लोकांकडून नावं वसूल केली होती. त्यांना कुणी उलट विचारलं नव्हतं.

"ते तुम्ही ठरवायचं," ते म्हणाले.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो हसला, पुढे झाला, म्हाताऱ्याच्या हातून माईक अलगद काढून घेतला, तोंडाजवळ धरून तिचं नाव ठळक, सावकाश सांगितलं, आणि यंत्र बंद केलं.